४९ नव्हे, २५ ज्यूल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात विद्यार्थ्यांच्या पानावर अकरावीच्या भौतिकशास्त्राचे सराव प्रश्न उत्तरांसह येतात. गेल्या रविवारच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं आहे. छपाईतला आकडा इकडचा तिकडे झाला असता तर मी पत्र लिहायला बसले नसते. वर्तमानपत्र रात्री घाईत निघतं, हे मला कळतं. पण इथे आकडा बरोबर लागलाय आणि रीतच चुकली आहे. तेहेतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना हीच चूक मी लाल शाईने खोडत आले. निवृत्त झाल्यावर ती सकाळच्या चहाबरोबर घरपोच येईल असं वाटलं नव्हतं.

प्रश्न असा होता. २ किलो वस्तुमानाच्या वस्तूच्या वेगाचा क्ष-दिशेतला घटक सेकंदाला ३ मीटर आणि य-दिशेतला ४ मीटर आहे, तर तिची गतिज ऊर्जा, म्हणजे निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, किती? छापलेली रीत: ३ अधिक ४ म्हणजे ७, सातचा वर्ग ४९, त्याला वस्तुमानाच्या निम्म्याने म्हणजे १ ने गुणलं, उत्तर ४९ ज्यूल. खरं उत्तर २५ ज्यूल. आधी प्रत्येक घटकाचा स्वतंत्र वर्ग करायचा, ९ आणि १६, आणि मग बेरीज. रीत एवढीच आहे. घोटाळा फक्त क्रमाचा: आधी वर्ग की आधी बेरीज.

मी ते पान वाचलंही नव्हतं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, घरं एकमेकांना लागून आहेत. शेजारची मुलगी यंदा अकरावीला आहे, ती वही घेऊन आली. तिने आधी २५ लिहिलं होतं, ते खोडून वर ४९ केलं होतं. का खोडलंस, म्हटलं. तर म्हणते, "पेपरात छापलंय की, आजी." या एका वाक्यामुळे हे पत्र. पानाखाली ज्या क्लासचं नाव होतं तिथे मी फोनही केला होता. उत्तरं सरांनी तपासलेली आहेत, असं सांगून फोन ठेवला गेला. असो.

मी विणकराची मुलगी. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी, पूर्व भागातल्या निम्म्या घरांसारखंच. माझे नान्ना, म्हणजे वडील, चादरीच्या कारखान्यात मागावर होते. ज्यांनी धोट्याचा माग चालताना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली होऊन दोन थर होतात आणि मधे एक बोळ तयार होतो. त्या बोळातून धोटा या टोकाच्या पेटीतून त्या टोकाच्या पेटीत जातो. धोटा लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, पोटात सुताची कांडी. शिवाय तो ज्या चौकटीवरून धावतो ती फणीची चौकटही विणकराकडे आणि परत अशी हलत असते. म्हणजे धोट्याला एकाच वेळी दोन गती असतात: मागाच्या रुंदीत एक आणि चौकटीबरोबरची दुसरी. त्या दोन्ही दिशा एकमेकींना काटकोनात.

आता आकडे धरू. धोटा ४०० ग्रॅमचा, रुंदीतला वेग सेकंदाला १२ मीटर, चौकटीबरोबरचा १ मीटर, वर-खाली काही नाही. वर्ग १४४, १ आणि शून्य. बेरीज १४५. वस्तुमानाचं निम्मं म्हणजे ०.२, गुणाकार २९ ज्यूल. मिनिटाला १२० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला दोनदा हे २९ ज्यूल धोट्याला द्यायचे आणि दोनदा पेटीत जिरवायचे. पूर्व भागातल्या गल्लीतून जाताना जो खडखडाट ऐकू यायचा, त्यात हे जिरणंही असायचं. वीजबिल कुठे जातं हे विचारणाऱ्या मालकांना मी हे गणित घालून दाखवलेलं आहे. त्यांना आवडलं नाही.

मी आठवीत असताना नान्नांच्या मागावर धोटा उडाला. उडाला म्हणजे बोळात तुटका धागा अडकला, धोट्याचं टोक त्यावर चढलं आणि तो आडवा जायचा तो उसळून बाहेर आला. डाव्या भुवईवर चार टाके पडले. ती खूण शेवटपर्यंत होती. पुढे बी.एस्सी.ला असताना मी त्या धोट्याचं गणित वहीत मांडून पाहिलं होतं, ते अजून आठवतं. उसळल्यावर समजा रुंदीतला वेग १२ चा ८ झाला, चौकटीबरोबरचा शून्य झाला आणि वरच्या दिशेने ९ आला. वर्ग ६४, शून्य आणि ८१. बेरीज पुन्हा १४५! ऊर्जा पुन्हा २९ ज्यूल. (आकडे जुळावेत म्हणून मीच निवडले होते, हे कबूल करते. धाग्याशी घासून थोडी ऊर्जा गेली असणार, ती सोडून दिली.) धोट्याची दिशा फिरली, पण त्याच्या पोटातली ऊर्जा होती तेवढीच राहिली. भुवईला लागलेले २९ ज्यूल आणि एरवी रोज पेटीच्या लाकडाला लागणारे २९ ज्यूल एकच होते.

हेच आपल्या पानावरच्या रीतीने करून बघा. उसळण्याआधी १२ अधिक १ म्हणजे १३, वर्ग १६९, ऊर्जा ३३.८ ज्यूल. उसळल्यावर ८ अधिक ९ म्हणजे १७, वर्ग २८९, ऊर्जा ५७.८ ज्यूल. एका तुटक्या धाग्यावर चढून धोट्याने २४ ज्यूल कमावले! असं होत असतं तर सोलापूरच्या कारखानदारांनी वीज घेतलीच नसती, तुटके धागेच घेतले असते.

गतिज ऊर्जा अदिश आहे, तिला दिशा नाही, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं आणि प्रत्येक मूल ते पाठ करतं. पण पाठ केलेलं वाक्य गणितात उतरत नाही. तपासायची एक सोपी युक्ती मी वर्गात द्यायची. आलेखाचा कागद फिरवा. वस्तू जिकडे चालली आहे तिकडेच क्ष-अक्ष करा. आता ३ आणि ४ ऐवजी घटक झाले ५ आणि शून्य. खऱ्या रीतीने पूर्वी ९ अधिक १६ होतं, आता २५ अधिक शून्य. उत्तर तेच. छापलेल्या रीतीने पूर्वी ४९ आणि आता २५. तुम्ही टेबलावर कागद फिरवलात म्हणून बाहेर पळणाऱ्या वस्तूची ऊर्जा निम्मी होत असेल, तर रीतीत खोट आहे. आणखी एक गोष्ट यातून दिसते. "क्ष-दिशेतली ऊर्जा ९ ज्यूल" असं मुलं म्हणतात आणि मीही बोलण्याच्या ओघात म्हणायची. तो नुसता जमाखर्चाचा रकाना आहे. कागद फिरला की रकान्यातले आकडे बदलतात, खालची बेरीज बदलत नाही.

मग ४९ हे उत्तर कधीच बरोबर नसतं का? असतं. ३ आणि ४ हे दोन्ही वेग एकाच दिशेला असतील तेव्हा. इथे मला सोलापूर-पुणे हुतात्मा एक्स्प्रेस मदतीला घ्यावी लागते. मुलगा पुण्याला असल्याने त्या गाडीत माझी बरीच सकाळ गेली आहे.

गाडी ताशी ७२ किलोमीटरने चालली आहे असं धरा, म्हणजे सेकंदाला २० मीटर. डब्यात चहावाला उभा आहे, वजन ६० किलो. रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबाने त्याची गतिज ऊर्जा ३० गुणिले ४००, म्हणजे १२,००० ज्यूल. आता तो सेकंदाला १ मीटरने या खिडकीकडून त्या खिडकीकडे सरकला. दोन्ही वेग काटकोनात. वर्गांची बेरीज ४०१, ऊर्जा १२,०३०. तीस ज्यूलची भर, घरातल्या घरात चालल्यासारखी. पण तो तेवढ्याच वेगाने इंजिनाच्या दिशेने निघाला तर वेग सरळ २१ होतो, वर्ग ४४१, ऊर्जा १३,२३०. भर एकदम १,२३० ज्यूलची!

दरवर्षी एक तरी पोरगा उठून विचारायचा, "मॅडम, चहावाला तेवढाच चालला की, मग जादाचे १,२०० आले कुठून?" ज्या वर्षी हा प्रश्न आला नाही त्या वर्षी मी नीट शिकवलं नाही असं मी समजायची. उत्तर असं: चालायला लागताना तो पायाने फरशी मागे ढकलतो आणि फरशी त्याला पुढे ढकलते. ती फरशी स्वतः सेकंदाला २० मीटरने पुढे पळते आहे. त्याच्या संवेगात, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगात, ६० ची भर पडली, ती देणारी फरशी २० च्या वेगाने सरकत होती. ६० गुणिले २०, बरोबर १,२०० ज्यूल गाडीने दिले, म्हणजे शेवटी इंजिनाने. त्याच्या पायांचे फक्त ३०. आडवा सरकला तेव्हा फरशीचा धक्का गाडीच्या गतीला काटकोनात होता, म्हणून गाडीला त्याच्यासाठी काहीच खर्च करावा लागला नाही. काटकोनाचं महत्त्व इथे कळतं. दोन वेग काटकोनात असतील तरच ते एकमेकांच्या हिशेबात ढवळाढवळ करत नाहीत. तिरके असतील तर वर्गांच्या बेरजेत आणखी एक पद येतं: दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट, गुणिले मधल्या कोनाचा कॉस. आपल्या प्रश्नातल्या ३ आणि ४ साठी ही दुप्पट २४ येते. एकाच दिशेला असतील तर २५ अधिक २४, म्हणजे ४९. विरुद्ध दिशांना असतील तर २५ उणे २४, फक्त १. मधला कोन ६० अंशांचा असेल तर २५ अधिक १२, म्हणजे ३७. काटकोनात कॉस शून्य, म्हणून नुसते २५. प्रश्नात क्ष आणि य अक्ष दिले म्हणजे काटकोन दिलाच. तो वाचला नाही, म्हणून ४९.

आता याच्या उलटी एक चूक. ती आपल्या पानावर नव्हती, पण पत्र लिहायला बसलेच आहे तर लिहून टाकते, कारण बारावीची पोरं हिच्यात हटकून पडतात. आमच्याकडे सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा मौत का कुआँ असतो. लाकडी फळ्यांची गोल उभी भिंत, आत मोटारसायकल. यात्रा संपली की त्या आठवड्यात मी फळ्यावर हेच गणित घालायची. विहिरीची त्रिज्या ५ मीटर, गाडी आणि स्वार मिळून २०० किलो, स्वार सेकंदाला २ रेडियन या कोनीय वेगाने गोल फिरतोय आणि त्याच वेळी सेकंदाला २ मीटरने वर चढतोय. पोरं झटकन लिहायची: २ चा वर्ग ४, २ चा वर्ग ४, बेरीज ८, गुणिले १००, म्हणजे ८०० ज्यूल. आधी वर्ग, मग बेरीज, सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि साफ चूक! रेडियन हे कोनाचं माप, सेकंदाला २ रेडियन म्हणजे सेकंदाला २ मीटर नव्हे. गोल दिशेतला वेग म्हणजे त्रिज्या गुणिले कोनीय वेग, ५ गुणिले २, सेकंदाला १० मीटर. त्याचा वर्ग १००, चढण्याचा ४, बेरीज १०४, ऊर्जा १०,४०० ज्यूल. कुठे ८००, कुठे १०,४००. ८०० ज्यूलवाला स्वार भिंतीवर टिकलाच नसता, तिकिटाचे पैसे परत द्यावे लागले असते. केंद्रापासून बाहेर, गोलाकार आणि वर या तीन दिशाही प्रत्येक क्षणी एकमेकींना काटकोनातच असतात, म्हणून वर्गांची बेरीज चालते. मात्र बेरजेत जाणारं प्रत्येक पद मीटर दर सेकंदात आहे ना, ते दारातच तपासायचं. स्वाराचा बाहेरच्या दिशेचा घटक शून्य, कारण भिंत त्याला जाऊ देत नाही. तोही घटक ज्या मुलांनी "शून्य" म्हणून लिहिला त्यांना मी अर्धा गुण जास्त द्यायची.

आणखी एक, फार दिवसांचा राग आहे. कित्येक मुलं, आणि काही छापील गाईडंसुद्धा, आधी वर्गांची बेरीज करतात, तिचं वर्गमूळ काढून वेग मिळवतात, तो दोन दशांशांपर्यंत तोडतात आणि परत त्याचा वर्ग करतात. घटक २ आणि ३ असले तर बेरीज १३. तिचं वर्गमूळ ३.६१, त्याचा वर्ग १३.०३. हातात १३ असताना १३.०३ कशाला आणायचे? गतिज ऊर्जेला वेग नको असतो, वेगाचा वर्ग हवा असतो, आणि तो पायथागोरसने आधीच तयार करून दिलेला आहे.

वर्गच का, हा प्रश्न जुना आहे. वेगाला नुसतं वस्तुमानाने गुणायचं की वेगाच्या वर्गाला, यावर युरोपात मोठा वाद झाला. वर्गाची बाजू लायब्निझने १६८६ साली मांडली. पुढे ग्रेव्हसांड या डच प्राध्यापकाने पितळेचे गोळे मऊ चिकणमातीत पाडून खड्डे मोजले आणि एमिली द्यू शात्ले या फ्रेंच विदुषीने ते प्रयोग उचलून धरले. सूत्रातला "अर्धा" तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८२९ साली, कोरिओलिसने बसवला. आमच्याकडे काळ्या मातीला तोटा नाही. मी कॉलेजच्या मागच्या आवारातली माती भिजवून परातीत थापायची आणि सायकल दुकानातून आणलेली बेअरिंगची मोठी गोळी आधी पाव मीटरवरून आणि मग एक मीटरवरून सोडायची. उंची चौपट, वेग दुप्पट आणि खड्डा जवळजवळ चौपट. आकडे तंतोतंत कधीच आले नाहीत, माती कधी पातळ व्हायची, कधी भेगाळायची. पण "दुप्पट नाही, त्याहून पुष्कळ जास्त" हे शेवटच्या बाकावरच्यालाही दिसायचं. शिपाईमामा परातीवरून माझ्यावर वर्षभर रागावलेले असायचे.

माझी विनंती एवढीच आहे. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच टाइपात आणि जमलं तर चौकटीत दुरुस्ती छापावी. आतल्या पानावर कोपऱ्यात "दिलगीर आहोत" छापलं तर ते अकरावीची मुलं वाचणार नाहीत. शेजारच्या मुलीच्या वहीतलं ४९ मी खोडलेलं नाही. तुमचा अंक आला की तिलाच खोडायला सांगितलं आहे.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर

ता. क. हे पत्र पाकिटात घालताना पानावरचा पाचवा प्रश्नही पाहिला. ०.१६ किलोचा क्रिकेटचा चेंडू जमिनीशी ६० अंशांच्या कोनात सेकंदाला २० मीटरने मारला, तर सर्वोच्च बिंदूवर त्याची गतिज ऊर्जा किती? सुरुवातीची ऊर्जा ३२ ज्यूल, ती बरोबर आहे. पुढे तिला कॉस ६० ने, म्हणजे निम्म्याने गुणून १६ ज्यूल उत्तर दिलं आहे. कॉसने गुणायचं ते वेगाला, ऊर्जेला नाही. वर चेंडूचा उभा घटक शून्य होतो आणि आडवा १० तसाच राहतो. १० चा वर्ग १००, गुणिले ०.०८, म्हणजे ८ ज्यूल. चौकटीत हेही घ्यावं.